‘आझाद’ कोण : राजा की रयत?

मागच्या व्याख्यानात आपण थॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका पाहिली. ती निघाली जानेवारी १७७६मध्ये. १७७५च्या जुलैपर्यंत वसाहतींचे पुढारी राजाकडे विनंतीअर्जच करत होते. तक्रार पार्लमेंटची, राजा मात्र आपला! पेनने साध्या भाषेत विचारलं : मुळात राजा हवाच कशाला?

आता आपल्या नांदेड-लातूरकडे येऊ. इथेही सुरुवात मवाळच होती. १९३८मध्ये स्टेट काँग्रेस मागत होती निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे गादी राहू द्या, पण सरकारने लोकांना जाब द्यावा. एवढं मागितलं, तर संघटना उभी राहण्याआधीच बंदी! त्याच वर्षी महाराष्ट्र परिषद लातूरला भरली, १९४१मध्ये उमरीला. पण सभाबंदीचं ‘गश्ती निशाण ५३’ डोक्यावर होतंच. सभेला परवानगी लागायची. कागद मात्र हातोहात जातो. एकाने वाचला तर दहा जण ऐकतात. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाचं मोल इथे कळतं. संस्थानात बंदी आली, तरी ते नाव बदलून निघत राहिलं.

खरा पेच पडला जून १९४७मध्ये. निजामाने फर्मान काढलं : इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. बघा, अमेरिकेत ‘स्वतंत्र व्हा’ असं पत्रककार सांगत होता, राजा नाही म्हणत होता. इथे तो शब्द राजानेच उचलला! लातूरचे वकील कासीम रझवी रझाकारांना घेऊन त्याच शब्दासाठी उभे राहिले. तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोकांना समजवावं लागलं, की राजाची आझादी म्हणजे रयतेची आझादी नव्हे. सत्ता लोकांची, म्हणून भारतात सामील व्हा.

हा वाद धर्माचा होता, असं आज सहज म्हटलं जातं. मग शोएबुल्ला खान यांना कुठे बसवायचं? त्यांनी ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून हेच मांडलं आणि ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून झाला.

१७ सप्टेंबरला आपण मुक्त झालो. तरी १९५० ते १९५६ निजाम राजप्रमुख राहिलेच. फक्त आता ते राज्यघटनेखाली होते. म्हणून ‘स्वातंत्र्य’ शब्द कानावर आला, की आधी विचारायचं : कोणाचं?