रिद्धपूर : राजमठ, वाजेश्वरी अन् गावभरची स्थानं

रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) हे महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. पंथात याला काशीचा मान आहे.

गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे लहानपणीच पोरके झाले, नातलगांकडे इथं आले अन् इथंच राहिले. त्यांचं राहण्याचं ठिकाण म्हणजे राजमठ. ते अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही जात. चक्रधर स्वामी त्यांनाच गुरू मानत.

चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्य अन् मंडळी रिद्धपूरला आली. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. इथल्या वाजेश्वरीत 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झालं, असं मानतात. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ. महदंबेचे ‘धवळे’ही इथलेच. म्हणूनच मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला झालं.

प्रभू जिथं बसले, जेवले, थांबले ते प्रत्येक ठिकाण म्हणजे ‘स्थान’. तिथं ओटा बांधतात अन् नमस्कार करतात. कोणतं स्थान कोणत्या दिशेला, हे ‘स्थानपोथी’त लिहून ठेवलं आहे. पण पोथीतल्या खुणा म्हणजे देवळं, वेशी, झाडं. त्या बदलल्या की पत्ता सांगायला ओटाच उरतो. घराच्या पायव्यात किंवा रस्त्याच्या कामात तो गेला, की जागा पुन्हा सापडणं कठीण. त्यामुळे खोदकामाआधी गावातल्या मठात विचारून घ्यावं. दर्शनाला येणाऱ्यांनीही शेतात पीक उभं असल्यास धुऱ्यानंच जावं.