महारोग्याची उपजीविका

१८९८ च्या लेपर्स ॲक्टाने महारोग्याच्या व्रणांपेक्षा त्याच्या उपजीविकेचाच विचार अधिक बारकाईने केला आहे, असे तो लहानसा कायदा वाचताना वारंवार जाणवते. ज्या मुलखास तो लागू होईल तेथे प्रांतिक सरकारने जाहीरनाम्याने फर्मावावे, की महारोग्याने विक्रीसाठी अन्न, पेय, औषध वा वस्त्र स्वहस्ते तयार करू नये, विकूही नये, भाड्याची गाडी हाकू नये आणि सरकारास वर्ज्य वाटेल असा अन्य कोणताही धंदा करू नये. इतकेच नव्हे, तर अशा धंद्यात त्याला चाकरीस ठेवणाऱ्या धन्यासही दंड व्हावा. आणि पुन्हा त्याच कायद्यान्वये, भीक मागणाऱ्या निर्धन महारोग्यास पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे! ज्याचे काम काढून घेऊन त्याला भिकेस लावले, त्यालाच भिकेपायी धरायचे, हा अन्याय मला त्या रोगाहूनही भयंकर वाटतो.

वास्तविक १८९०-९१ च्या चौकशी कमिशनने हा रोग संसर्गाने फारसा पसरत नाही, असा निर्वाळा दिला होता. परंतु नगरवासीयांचे भय अधिक प्रबळ ठरले. आमचे पोवाडे आस्थेने जमवून छापविणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी १८९० साली माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठी जे आश्रयस्थान उघडले, त्यातही करुणेबरोबर रस्ते मोकळे करण्याची निकड होतीच.

काम परत देण्याचा विचार पुढे वऱ्हाड-नागपुराकडे रुजला. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम काढले, आणि १९५१ साली बाबा आमटे मोजक्या रोग्यांसह वरोऱ्याच्या खडकाळ माळावर, म्हणजे आनंदवनात, विहीर खणू लागले. संवेदना गेलेल्या तळव्यास कुदळीच्या दांड्याने आलेला फोड कळत नाही, तो चिघळल्यावरच दिसतो; अशा हातांनी तेथे भाजीपाला पिकविला, आणि गरजेपुरता ठेवून उरलेला विकू म्हटले, तर गिऱ्हाईक पुढे येईना. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहून, राबून, तेथलेच अन्न जेवू लागले, तेव्हा कोठे गावकऱ्यांचा संकोच ओसरू लागला.

रोग बरा करणारी औषधे येऊन कित्येक दशके लोटल्यावर, २०१६ साली तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क अधिनियमाने कुष्ठमुक्तांची दिव्यांगांत गणना करून सरकारी नोकरीतील राखीव जागांवर त्यांचा हक्क मान्य केला आहे. खानावळीच्या गल्ल्यावर त्यांना बसविण्याचा निर्णय मात्र अजूनही खानावळवाल्याच्या मनावरच आहे.