टकळीपासून टायट्रेशनपर्यंत : वर्धा जिल्ह्यातील प्रात्यक्षिक शिक्षण

विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेला प्रयोग, त्या वेळी घेतलेली निरीक्षणे, त्यांची प्रयोगवहीतील नोंद आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष, या सर्वांना मिळून विज्ञान व तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात 'प्रात्यक्षिक' म्हटले जाते. महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पदवी आणि अभियांत्रिकीच्या वर्गांतही प्रयोगवही आणि तोंडी परीक्षा हे टप्पे चुकत नाहीत. वर्धा जिल्ह्यात मात्र प्रात्यक्षिकाचा इतिहास काचेच्या नळ्यांपासून सुरू होत नाही. तो टकळी, कापूस आणि तराजूपासून सुरू होतो.

दि. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील मारवाडी विद्यालयात (नंतरचे नवभारत विद्यालय) महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. हीच पुढे 'वर्धा योजना', 'बुनियादी शिक्षण' किंवा 'नई तालीम' या नावांनी ओळखली गेली. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्राम येथे ती शाळा प्रत्यक्ष चालवून दाखविली. दोघेही शांतिनिकेतनात काम करून आलेले होते.

समितीने आखलेले वेळापत्रक आजही वाचनीय आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला, म्हणजे कताई, शेती, सुतारकाम यांसारख्या कामाला, ३ तास २० मिनिटे दिलेली होती. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, तर समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे होती. विज्ञानाच्या अभ्यासक्रमात मात्र निसर्गनिरीक्षण, वनस्पती व प्राणी, शरीर व आरोग्य, हवा, पाणी, आम्ल व अल्क, तारकांची ओळख आणि शास्त्रज्ञांच्या कथा इतका ऐवज होता. एवढे सारे अर्ध्या तासात बसणार कसे? समितीची अपेक्षा अशी, की विज्ञानाचा मोठा भाग त्या ३ तास २० मिनिटांतच, हातातल्या कामाच्या ओघात, शिकला जाईल. योजनेची खरी कसोटी या अपेक्षेवर होती.

कताईचेच उदाहरण घेऊ. सूत किती बारीक आहे हे त्याच्या 'अंका'वरून ठरते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा अंक. त्या काळच्या खादीच्या मापात ४ फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी धरीत, म्हणजे एक गुंडी सुमारे ८५३ यार्डांची. अशी गुंडी दोन तोळे भरली तर सूत साधारण २० अंकाचे होते. लांबी, वजन, गुणोत्तर आणि सरासरी या चारही गोष्टी मुलाला एकाच वेळी कराव्या लागतात, आणि त्याही त्याने स्वतः कातलेल्या धाग्यावर.

त्यात आणखी एक प्रयोग दडलेला आहे. कापूस हवेतील ओल शोषून घेतो. व्यापारी व्यवहारात ही ओल कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरली जाते. वर्ध्याच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत ती निम्म्यावर येऊ शकते. मग तीच गुंडी वजनाला चार टक्के हलकी भरते आणि २० अंकाचे सूत जवळजवळ २१ अंकाचे भासते. शिवाय कोरडा धागा अधिक तुटतो. उन्हाळ्यातील आणि श्रावणातील वजने शेजारी शेजारी मांडून फरकाचे कारण शोधायला लावणारा शिक्षक असेल, तर टकळी ही प्रयोगशाळाच होय. तसा शिक्षक नसेल, तर ती केवळ मजुरी.

हा धोका तेव्हाच ओळखला गेला होता. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून भागवावा, या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी विरोध केला. आर्थिक बाजूवर अतिरिक्त भर दिल्यास शैक्षणिक हेतू मागे पडेल, असा इशारा झाकीर हुसेन समितीनेही अहवालात दिला. पुढे अनेक ठिकाणी तसेच घडले. सूत मोजले गेले, पण त्यामागचा प्रश्न विचारला गेला नाही. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कालांतराने सेवाग्रामची शाळाही बंद पडली. २००५ मध्ये त्याच परिसरात 'आनंद निकेतन' सुरू झाले आणि शेती, कताई व स्वयंपाक ही कामे पुन्हा अभ्यासाचा भाग झाली.

आजच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेपुढील अडचण वेगळ्या रूपात तीच आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर आणि वैद्यकीयची 'नीट'वर लागते. त्यात प्रात्यक्षिकाला वजन नाही. साहजिकच अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकाचा तास सर्वात आधी कापला जातो आणि प्रयोगवही शेवटच्या आठवड्यात, मित्राच्या वहीवरून, एका बैठकीत पूर्ण होते. टायट्रेशनमध्ये उत्तर आधी ठरते आणि वाचने मागाहून लिहिली जातात. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचता येते, त्यामुळे प्रामाणिक प्रयोगात एखादे वाचन थोडे इकडे-तिकडे जाणे स्वाभाविक असते. तीनही वाचने १०.० अशी नीटस दिसली की अनुभवी परीक्षकाला समाधानापेक्षा शंकाच अधिक येते.

याला साधा उतारा म्हणजे ज्याचे उत्तर कोणाच्याही वहीत नाही असा नमुना देणे. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते, म्हणून ते जड लागते, डाळ शिजायला वेळ लागतो आणि साबणाचा फेस होत नाही. हा जडपणा मोजण्याची ईडीटीए पद्धत अभ्यासक्रमात आहेच. पाण्याचा सामू १० राखून एरिओक्रोम ब्लॅक टी हे दर्शक टाकले की लालसर रंग येतो आणि सारा कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधला गेला की तो निळा होतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरच्या विहिरीचे पाणी आणले, तर शेजाऱ्याची वही उपयोगाची राहत नाही. उन्हाळा व पावसाळ्यानंतरची तुलना केली तर वर्षभराचा प्रकल्प होतो. यासाठी लागणारी रसायने महाग नाहीत. लागतो तो वेळ, आणि वेगवेगळी चाळीस उत्तरे तपासण्याची शिक्षकाची तयारी.

प्रयोगशाळेबाहेर जाण्याचा प्रघात जिल्ह्यात सर्वात निष्ठेने पाळला तो सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी ती स्थापन केली. येथे नवागत विद्यार्थी आधी आश्रमात पंधरा दिवसांचे शिबिर करतात. त्यानंतर दत्तक घेतलेल्या गावात समाजसेवा शिबिर होते आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. त्यांचे आहार, आजार, पाणी आणि स्वच्छता यांची नोंद ठेवायची, आणि पुढील शिक्षणकाळातही त्या घरांशी संबंध राखायचा. शवविच्छेदनाच्या टेबलाइतकेच हेही प्रात्यक्षिक मानले जाते. एका घरातील माहिती दुसऱ्या घरात लागू होत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच कळते.

तंत्रज्ञानाच्या बाजूने मगनवाडीचे नाव घ्यावे लागते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी येथूनच चालविले. जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन यांची नावे संघाच्या सल्लागारांत होती. १९३८ मध्ये येथे मगन संग्रहालय उभे राहिले. घाणी, हातकागद आणि चरख्याचे सुधारित नमुने तेथे आजही पाहावयास मिळतात. मगनवाडीतील जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्थेची पुनर्रचना होऊन २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था अस्तित्वात आली. खादी व वस्त्र, रसायन, ग्रामीण ऊर्जा, हस्तकला व अभियांत्रिकी असे तिचे विभाग आहेत आणि पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी तेथे प्रकल्पासाठी येतात. सुताचा अंक मोजणे हे तेथील वस्त्र प्रयोगशाळेत अजूनही नित्याचे काम आहे. फरक इतकाच, की गुंडी आता १००० मीटरची धरतात.