तोफांचे नांगर झाले त्या माळावर

किर्लोस्करांचे पंप लाओसला आणि सेनेगलला गेले, हे आमच्या पलूस भागात अभिमानानं सांगतात. मला त्याच्या मागची नांगराची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून धंदा उभा केला. कडबा कापायच्या यंत्रानंतर 1903 साली लोखंडी नांगर काढला. पण लोखंडाचं विष जमिनीत उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. माझे पणजोबा लाकडी नांगराला बैलांच्या चार-चार जोड्या जुंपत. घरचे बैल पुरत नसत, शेजाऱ्यांकडून पैऱ्यानं, म्हणजे अदलाबदलीनं, आणावे लागत. असा माणूस गाठीचा पैसा नव्या अवजारात घालणार, तर ते आधी रानात चालताना त्याला दिसायला हवं. जाहिरात वाचून तो भुलणारा नव्हता.

म्हणून कारखाना 1910 साली आमच्या भागात, कुंडल रोड स्टेशनाजवळ आला, हे मी भाग्यच मानतो. बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 32 एकर माळ दिला, कर्जही दिलं. निवडुंग, नाग, पाण्याची वानवा. पण कुंपणाबाहेरच गिऱ्हाईक नांगरत होतं! काय मोडतं, कुठं झिजतं, हे कळायला लांब जायला नको.

कामाला माणसंही आसपासची घेतली. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही तुरुंग भोगून आलेले. ज्या जमातींवर सरकारनं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्या भरवशावर लक्ष्मणरावांनी कारखान्याभोवतीची अख्खी वस्ती निर्धास्त झोपवली. त्या काळात हे धाडस नांगराहून मोठं होतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

1926 च्या सुमारास पंप आले. मोटेवर बैल राबवणाऱ्यांच्या विहिरींवर ते बसले. पुढं भारत सरकारच्या कर्जयोजनेतून किर्लोस्करांचे पंप सेनेगलच्या भातशेतीला पाणी देऊ लागले. तिथल्या नदीकाठच्या शेतकऱ्याचे प्रश्न मला ओळखीचे वाटतात: ऐन हंगामात पंप बंद पडला तर सुटा भाग कुठं मिळेल, आणि दुरुस्तीला गावातलाच कुणी तयार केलाय का?