मॉरिशसच्या नोंदबुकांतील ‘अहमदनगर’

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आपल्या मूळ गावाचा शोध घेतात, तेव्हा जुन्या नोंदीतील ‘अहमदनगर’ हा जिल्ह्याचा उल्लेख निर्णायक मानला जातो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर मॉरिशसला गेले. त्यांत मुंबईकडील लोकांचे प्रमाण अल्प होते. थांबविलेली मजूरभरती 1842 च्या 15 व्या कायद्याने पुन्हा सुरू झाली. पोर्ट लुई येथे उतरणाऱ्या मजुरास क्रमांक मिळे व त्यापुढे जहाज, नाव, पित्याचे नाव, वय, जात, जिल्हा, परगणा आणि गाव यांची नोंद होई. ही नोंदबुके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. रोमन लिपीत ‘ळ’ व ‘ण’ हे वर्ण लोपतात आणि आडनाव क्वचितच आढळते. म्हणून शोधाचा आरंभ नावापासून न करता क्रमांकापासून करणे श्रेयस्कर होय. त्याच जहाजावरील लागोपाठचे क्रमांक पाहिल्यास गावचे सोबतीही सापडू शकतात.

शिरगणतीचा उपयोग मात्र मर्यादित आहे. मॉरिशसमध्ये 1846, 1851 व 1861 साली शिरगणती झाली. परंतु तिचे छापील तक्ते समूहाची संख्या सांगतात, व्यक्तीची नावे नव्हेत. मुंबई इलाख्याची पहिली व्यापक शिरगणती 1872 ची. मुंबईहून मॉरिशसकडे जाणारा ओघ प्रायः त्यापूर्वीच आटला होता. यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. पूर्वज ‘मोठ्या दुष्काळात’ गेल्याचे एखादे कुटुंब सांगत असेल, तर तो 1876-78 चा दुष्काळ असण्याचा संभव फार थोडा.

आता मुख्य प्रश्न. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 साली झाला. तोपर्यंत सिन्नर, निफाड, दिंडोरी हा प्रदेश अहमदनगर जिल्ह्यातच मोडत असे. मुंबईकडील बहुसंख्य नोंदी त्या वर्षापूर्वीच्या असल्यामुळे त्यांतील ‘अहमदनगर’ म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, असे गृहीत धरता येत नाही. उदाहरणार्थ, ‘पिंपळगाव’ या नावाची गावे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. केवळ जिल्हा व गाव पाहून निर्णय केल्यास निफाडकडील पिंपळगावचा मनुष्य नगर तालुक्यातील ठरेल, आणि त्याचे वंशज परक्याच गावी जाऊन पोहोचतील. उलट, इंग्रजी कागदांत ‘अकोला’ असे लिहिलेले ठिकाण वऱ्हाडातील नसून या जिल्ह्यातील अकोले असू शकते.

तात्पर्य, निर्णयाचे खरे साधन परगण्याचा रकाना हेच होय. त्यातील नाव तत्कालीन नकाशाशी आणि 1884 च्या गॅझेटियरमधील स्थलनामांशी ताडून पाहावे, व नंतरच गावच्या महसुली दप्तराकडे वळावे. जेथे परगणा नोंदलेला नाही, तेथे दोन्ही जिल्ह्यांतील समनामक गावांची यादी पुढे ठेवून निर्णय राखून ठेवणे, हेच संशोधकाच्या प्रामाणिकपणास शोभेल.