सैन्यभरतीची नोंदवही आणि महाविद्यालयाची पायरी

सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा म्हटला की डोळ्यांपुढे सैनिक उभा राहतो. परंतु अशा कायद्याचे पहिले काम याद्या करण्याचे असते. कोठे किती तरुण आहेत, त्यांचे वय व व्यवसाय काय, हे सरकारला आधी ठाऊक असावे, हा नोंदणीमागील हेतू होय. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये अशी नोंद झाली. पण ३०० डॉलर भरणाऱ्यास किंवा बदली माणूस देणाऱ्यास त्यातून सुटका होती. त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये भीषण दंगली उसळल्या. १९१७ च्या कायद्याने बदली माणसाची पद्धत बंद केली. त्या महायुद्धात सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांची नोंद झाली. भरती झाले ते सुमारे २८ लाख.

पैशाची सवलत गेली, तरी विषमता दुसऱ्या दाराने परतली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्याची भरती लांबणीवर पडत असे. ज्याला शिक्षण परवडत नव्हते त्याला हा आधार नव्हता. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी नोंदणीच टाळली, असा काहींचा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्यांचे नाव यादीत होते; १९६७ मध्ये त्यांनी धर्मश्रद्धेच्या आधारे भरती नाकारली. त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली.

१९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, १९७५ मध्ये नोंदणीही. पुढे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये नोंदणी पुन्हा सुरू केली. इशारा मॉस्कोला होता, अर्ज मात्र अठरा वर्षांच्या मुलांनी भरायचा होता. अनेकांनी तो भरला नाही. तुरुंगवासाची तरतूद असूनही खटले मोजकेच झाले. मग १९८२ मध्ये काँग्रेसने निराळा उपाय योजला : नोंदणी नसेल तर केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य नाही. ज्याची फी वडील भरत होते त्याला याची झळ लागणार नव्हती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी मात्र ती गरजू विद्यार्थ्यांवरच पडते म्हणून विरोधी मत नोंदवले. त्या मताला ३०० डॉलरच्या जुन्या सवलतीची पार्श्वभूमी जोडून पाहावी.

अर्थसाहाय्याची ही अट काढून टाकणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. नोंदणीची सक्ती त्याने उठवली नाही.