दोन शब्द, नऊ दिवस

जून १५५३, ग्रीनिच. पंधरा वर्षांचा इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड फुफ्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. वारसाच्या मसुद्यात त्याने स्वहस्ते लिहिले होते: गादी 'लेडी जेनच्या मुलग्यांना'. जेनला मूल नव्हते, राजाकडे दिवस नव्हते. ओळीच्या वर दोन शब्द घातले गेले. आता मजकूर झाला, 'लेडी जेन आणि तिच्या मुलग्यांना'. कॅथलिक बहीण मेरी बाद. आत्याची प्रॉटेस्टंट नात जेन ग्रे वारस. मेरीला हक्क देणारा १५४४ चा पार्लमेंटचा कायदा मात्र रद्द झालाच नाही.

६ जुलै, रात्री ८ ते ९. एडवर्ड गेला. कारभारी नॉर्थम्बरलंड, म्हणजे जेनचा सासरा, बातमी दाबून ठेवतो. मेरी हन्सडनहून आधीच निसटलेली. तिच्या मागावर सुमारे ३०० स्वार जातात, पण ती हाती लागत नाही. हेच स्वार राजा जिवंत असताना निघाले असते, तर कदाचित जेनला कोणी 'नऊ दिवसांची राणी' म्हटले नसते.

९ जुलै, सायन हाउस. जेनला सांगितले जाते. ती रडते, हक्क मेरीचा आहे म्हणते. मग ऐकते.

१० जुलै, दुपारी ३ च्या सुमारास. जेन लंडनच्या टॉवर किल्ल्यात. संध्याकाळी तिच्या नावाची द्वाही फिरते. एक पोरगा म्हणतो, मेरीचा हक्क मोठा. दुसऱ्या दिवशी त्याचे कान छाटले जातात. १० जुलैच्याच संध्याकाळी मेरीचे पत्र येऊन थडकते: राणी मी आहे.

१२ जुलै. मेरीवर फौज कोणी न्यायची? वडिलांना माझ्याजवळ ठेवा, असा जेनचा हट्ट. १४ जुलैला नॉर्थम्बरलंड स्वतः निघतो. मंत्र्यांना धाकात ठेवणारा तो एकटाच होता. रस्त्यावर गर्दी आहे, पण शुभेच्छेचा एक शब्द नाही. त्याच सुमारास यार्मथजवळच्या जहाजांवरचे खलाशी मेरीला मिळतात.

१६ जुलै, संध्याकाळी ७. टॉवरचे दरवाजे एकाएकी बंद. किल्ल्या जेनकडे. खजिनदार आपल्या घरी निघून गेलेला. रात्री १२ वाजता त्याला परत आणतात.

१९ जुलै, संध्याकाळी ५ ते ६. तेच मंत्री चीपसाइडला मेरीची द्वाही फिरवतात. घंटा, होळ्या, उधळलेले पैसे. टॉवरमध्ये जेनचे वडील लेकीच्या डोक्यावरचे राजछत्र स्वतःच्या हातांनी उतरवतात.

१२ फेब्रुवारी १५५४, सकाळ. टॉवरच्या आवारात कैदी जेनच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आहे. शिरच्छेदाचा ठोकळा सापडत नाही. हात हवेत चाचपडतात. कोणीतरी पुढे होऊन तिला ठोकळ्यापर्यंत नेते. ती जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती.